डार्क चॉकलेट आणि आरोग्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आहाराविषयी लिहायला लागल्यापासून एका पदार्थाबद्दल मला सातत्याने विचारणा होते, ती म्हणजे डार्क चॉकलेट. कुणाला बीपीसाठी खायचंय, कुणाला आईच्या हिमोग्लोबिनसाठी, तर कुणाला फक्त खाल्ल्यावर वाटणारी अपराधी भावना घालवायची आहे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाच्या उत्तरात दुसऱ्याचा भाग येत असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डार्क चॉकलेट म्हणजे नक्की काय? रंगाने काळं दिसलं की ते डार्क का?

नाही. रंगावर जाऊ नका. कोकोच्या फळातल्या बिया काही दिवस आंबवतात, उन्हात वाळवतात, भाजतात आणि टरफल काढून दळतात. त्यांचा जो लगदा होतो तो कोको मास. त्यात साखर आणि थोडं जास्तीचं कोको बटर घातलं की डार्क चॉकलेट झालं. दुधाची पावडर घातली की मिल्क चॉकलेट. पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोकोचं फक्त बटर असतं, काळा भाग नसतोच, त्यामुळे या पानावरच्या कुठल्याही फायद्याशी त्याचा संबंध नाही.

खाद्यपदार्थांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या कोडेक्सच्या मानकानुसार किमान ३५ टक्के कोको असला की त्याला चॉकलेट म्हणता येतं. म्हणजे वेष्टनावर 'डार्क' लिहिलेल्या वडीत निम्म्याच्या आसपास साखरही असू शकते. संशोधनात ज्याची चर्चा होते आणि दुकानात ज्यावर 'डार्क' छापलेलं असतं, ती नेहमी एकच वस्तू नसते. पुढचे बरेचसे गोंधळ इथूनच सुरू होतात.

२. फायदा होतो म्हणतात, तो नेमका कशामुळे?

कोकोच्या बीमधल्या फ्लॅव्हनॉल या वनस्पतिजन्य द्रव्यांमुळे. त्यातलं मुख्य एपिकॅटेचिन. आपल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि तो वाहिनीला सैल व्हायला सांगतो. फ्लॅव्हनॉल या कामाला मदत करतात. वाहिनी सैल झाली की रक्त सहज वाहतं आणि दाब किंचित उतरतो.

या विषयाकडे शास्त्रज्ञांचं लक्ष वेधलं ते पनामाजवळच्या सान ब्लास बेटांवरच्या कुना लोकांमुळे. हार्वर्डचे नॉर्मन हॉलेनबर्ग यांना असं दिसलं की बेटावर राहणाऱ्या कुनांचा रक्तदाब वय वाढलं तरी फारसा वाढत नाही, पण तेच लोक पनामा सिटीत राहायला गेले की वाढतो. बेटावर ते रोज कित्येक कप घरगुती कोको पीत. शहरात गेल्यावर ते सुटलं. अर्थात शहरात गेल्यावर माणसाचं फक्त पेय बदलत नाही. मीठ, काम, झोप, ताण सगळंच बदलतं. म्हणून पुढे नियंत्रित प्रयोग करावे लागले. एक गोष्ट लक्षात ठेवा : कुना लोक पीत होते ते कोकोचं पेय होतं, चॉकलेटची वडी नव्हती.

३. खरंच बीपी कमी होतं का? मग गोळी बंद केली तर चालेल?

गोळी बंद करू नका. हे सगळ्यात आधी सांगते, कारण माझ्या ओळखीतल्या एका काकांनी मोबाइलवर आलेला मजकूर वाचून गोळी महिनाभर थांबवली होती. रोज रात्री चॉकलेट मात्र न चुकता खात होते. तपासणीत वरचा आकडा १७०च्या पुढे निघाला. वेळेवर कळलं म्हणून निभावलं.

आता आकडे. एका विषयावरचे प्रयोग एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७च्या आढाव्यात ३५ प्रयोग आणि सुमारे १,८०० माणसं होती. कोको घेणाऱ्यांचा वरचा आणि खालचा, दोन्ही दाब सरासरी पावणेदोन अंकांनी कमी झाला. ज्यांचा दाब मुळात जास्त होता त्यांच्यात परिणाम थोडा अधिक दिसला. परिणाम खरा आहे, पण छोटा आहे. शिवाय यातले बहुतेक प्रयोग काही आठवड्यांचे होते आणि त्यात दिलेलं फ्लॅव्हनॉलचं प्रमाण बाजारातल्या साध्या वडीच्या एक-दोन तुकड्यांतून मिळणं कठीण. लोणचं-पापड कमी करणं आणि रोज अर्धा तास झपझप चालणं याचा परिणाम यापेक्षा मोठा असतो.

४. हार्ट अटॅकचा धोका कमी होतो का?

याचं सगळ्यात मोठं उत्तर 'कॉसमॉस' या अमेरिकेतल्या प्रयोगातून आलं. २१,४४२ वयस्कर माणसांना सरासरी साडेतीन वर्षांहून थोडा जास्त काळ रोज एकतर कोकोच्या अर्काच्या कॅप्सूल (५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल) किंवा तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय कॅप्सूल दिल्या. निष्कर्ष २०२२मध्ये आले. हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे सगळ्या घटना मिळून पाहिलं तर १० टक्के घट दिसली, पण ती योगायोगानेही आलेली असू शकते इतकी अनिश्चित होती. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू मात्र २७ टक्के कमी होते.

हा दुसरा आकडाच सगळीकडे फिरतो. पण प्रयोग ज्या मुख्य प्रश्नासाठी केला होता, त्याचं उत्तर 'ठामपणे सांगता येत नाही' असंच आलं. दिल्या होत्या कॅप्सूल, त्यात ना साखर ना चरबी. प्रयोगाला मार्स या चॉकलेट कंपनीचा आर्थिक हातभार होता. एवढ्यावरून निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण वाचणाऱ्याला हे माहीत असायला हवं.

५. रोज किती खावं?

कुठल्याही आजारावर उपाय म्हणून ठरलेली मात्रा नाही. आवडतं म्हणून खायचं असेल तर १५ ते २० ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅमच्या वडीचा पाचवा भाग. रोजच खायला हवं असंही नाही. आठवड्यातून तीन-चार वेळा पुरे, त्याचं कारण प्रश्न ११मध्ये आहे.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२मध्ये मान्य केलं की रोज २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉलमुळे रक्तवाहिन्यांची लवचीकता टिकायला मदत होते, आणि हे प्रमाण फ्लॅव्हनॉल मुद्दाम टिकवलेल्या १० ग्रॅम डार्क चॉकलेटमधून मिळू शकतं. इथे 'मुद्दाम टिकवलेल्या' या शब्दांवर सगळा भर आहे. साध्या वडीला ते लागू होत नाही.

६. ७० टक्के, ८५ टक्के, ९९ टक्के : आकडा जितका मोठा तितकं चांगलं का?

साखरेच्या बाबतीत हो. ७० टक्क्यांच्या वडीत उरलेले ३० टक्के म्हणजे बहुतेक साखरच, ८५मध्ये त्याच्या निम्मी. मिल्क चॉकलेटमध्ये निम्मा ऐवज साखरेचा असतो.

फ्लॅव्हनॉलच्या बाबतीत मात्र हा आकडा फसवा आहे. त्या टक्क्यांत कोको मास आणि वरून घातलेलं कोको बटर, दोन्ही मोजतात. बटरमध्ये फ्लॅव्हनॉल जवळजवळ नसतात. त्यातून बी किती आंबवली, किती भाजली, त्यावर अल्कलीची प्रक्रिया केली का (प्रश्न ७), यावर उरलेलं प्रमाण ठरतं. कडवटपणा येतो तो बऱ्याच अंशी याच द्रव्यांमुळे, आणि तोच कमी करण्यासाठी कारखान्यांची सगळी खटपट असते. ८५ टक्के लिहिलेलं चॉकलेट तोंडात अगदी गुळगुळीत, मऊ लागत असेल तर त्यातले फ्लॅव्हनॉल वाटेतच गेले असण्याची शक्यता आहे.

माझं मत : ७० ते ८५च्या मधलं घ्या आणि चवीने खा. नाक दाबून ९९ टक्के गिळण्यात काही अर्थ नाही.

७. दुकानात वेष्टनावर काय बघायचं?

घटकांची यादी. पहिला घटक सर्वांत जास्त असतो. पहिलं नाव साखरेचं असेल तर ती वडी परत ठेवा. कोको मास, कोको लिकर किंवा कोको सॉलिड्स पहिलं हवं.

मग चरबी कुठली ते पाहा. कोको बटरऐवजी पाम किंवा पाम कर्नल तेल, हायड्रोजिनेटेड वनस्पती तेल असं लिहिलं असेल तर ते कंपाउंड. बेकरीत केकवर ओततात ते, आणि थंड हवेच्या ठिकाणी 'होममेड' म्हणून सुट्टं मिळतं त्यातलं बरंचसं, कंपाउंडच्या लाद्या वितळवून साच्यात ओतलेलं असतं. सहलीहून येताना आणायला हरकत नाही, पण त्यात आरोग्य शोधू नका.

तिसरी गोष्ट सहसा कुणी पाहत नाही. 'अल्कलाइज्ड' हा शब्द किंवा 'ॲसिडिटी रेग्युलेटर ५०० किंवा ५०१' असा उल्लेख. एकोणिसाव्या शतकात नेदरलँड्सच्या व्हान हाउटेन यांनी काढलेली ही पद्धत : कोकोवर अल्कलीची प्रक्रिया केली की रंग गडद होतो, चव मवाळ होते आणि पावडर द्रवात चांगली मिसळते. पण एका तपासणीत साध्या कोको पावडरमध्ये दर ग्रॅमला सुमारे ३५ मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल होते, हलकी प्रक्रिया केलेल्यात १४ आणि भरपूर प्रक्रिया केलेल्यात जेमतेम ४. म्हणजे जितका रंग काळा तितकं आतलं काम कमी, असंही होऊ शकतं.

८. मला मधुमेह आहे. खाऊ शकतो का?

साखर नियंत्रणात असेल आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर ७० टक्क्यांहून अधिक कोकोचे १०-१५ ग्रॅम, तेही जेवणाच्या हिशेबात धरून. २० ग्रॅममध्ये पाच-सहा ग्रॅम साखर जाते, म्हणजे सव्वा चमच्याच्या आसपास. पहिल्यांदा खाल तेव्हा दोन तासांनी ग्लुकोमीटरवर तपासून पाहा. तुमच्या शरीराचं उत्तर तुम्हाला त्यातून मिळेल.

डिसेंबर २०२४मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासाबद्दल बरेच जण विचारतात. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा डार्क चॉकलेट खाणाऱ्यांमध्ये टाइप २ मधुमेह होण्याचं प्रमाण २१ टक्के कमी दिसलं. मिल्क चॉकलेटमध्ये असा संबंध दिसला नाही, उलट वजन वाढलेलं दिसलं. पण हा निरीक्षणाचा अभ्यास आहे आणि त्यातली माणसं अमेरिकेतले परिचारिका-डॉक्टरांसारखे आरोग्यसेवक होती. डार्क चॉकलेट निवडणारा माणूस इतर बाबतींतही जपून वागत असू शकतो. आणि अभ्यास मधुमेह *होण्याबद्दल* आहे, झालेला *बरा होण्याबद्दल* नाही.

'शुगर फ्री' वडीत साखरेऐवजी बहुधा माल्टिटॉल हे गोड द्रव्य असतं. त्याने रक्तातली साखर कमी वाढते, पण वाढते. जास्त खाल्लं तर पोट फुगतं आणि जुलाब होतात.

९. डार्क चॉकलेटने वजन कमी होतं असं वाचलं. खरं का?

नाही. १०० ग्रॅममध्ये जवळपास ६०० कॅलरी असतात. २० ग्रॅम म्हणजे १२०, साधारण तेल लावलेल्या एका घडीच्या पोळीइतक्या.

ही बातमी जगभर पसरण्यामागे एक प्रसंग आहे. २०१५मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम कच्चा, अगदी थोड्या माणसांवरचा अभ्यास केला, चॉकलेटने वजन लवकर उतरतं असा निष्कर्ष काढला आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या एका नियतकालिकात तो छापून आणला. वाईट संशोधनाच्या बातम्या किती सहज होतात हे त्याला दाखवायचं होतं. त्याने स्वतःच नंतर सगळं उघड केलं. बातमी मात्र अजून फिरते आहे.

१०. यात लोह भरपूर असतं ना? आईचं हिमोग्लोबिन ९ आहे, रोज देऊ का?

कागदावर लोह खरंच भरपूर आहे, १०० ग्रॅममध्ये सुमारे १२ मिलिग्रॅम. पण ज्या द्रव्यांचं आपण प्रश्न २मध्ये कौतुक केलं, तीच वनस्पतिजन्य लोहाला आतड्यात धरून ठेवतात आणि त्याचं शोषण रोखतात. चहाचंही असंच होतं. त्यामुळे हिमोग्लोबिन वाढवण्यासाठी चॉकलेट देऊ नका. देणारच असाल तर जेवण आणि लोहाची गोळी यांपासून दोन तास लांब ठेवा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यामुळे हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही. हिमोग्लोबिन ९ असेल तर आधी डॉक्टरांकडे जाऊन कारण शोधा, गोळी घ्या. सोबत अळीव, कडधान्यं, पालेभाजी, त्यावर लिंबू पिळून. चॉकलेटवर विसंबून सहा महिने घालवू नका.

११. चॉकलेटमध्ये शिसं आणि कॅडमियम असतं म्हणतात. मग खायचं की नाही?

असतं. डिसेंबर २०२२मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकी संस्थेने २८ डार्क चॉकलेट तपासली. सगळ्यांत दोन्ही धातू सापडले. रोज २८ ग्रॅम खाल्लं तर २३ वड्यांमध्ये निदान एक धातू कॅलिफोर्नियाच्या कडक मर्यादेपलीकडे जात होता.

दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. कॅडमियम मातीतून मुळांवाटे झाडात जातं. दक्षिण अमेरिकेतल्या काही भागांत मातीतच ते जास्त आहे. शिसं मात्र बहुतेक नंतर बसतं, ओल्या बिया उघड्यावर वाळत असताना धुळीतून. कोकोचं प्रमाण वाढतं तसे धातूही वाढण्याची शक्यता असते, म्हणून मिल्क चॉकलेटपेक्षा डार्कमध्ये ते जास्त. युरोपात २०१९पासून ५० टक्क्यांवरच्या चॉकलेटला किलोमागे ०.८ मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा आहे.

घाबरून टाकून देण्याची गरज नाही. रोज न खाता अधूनमधून खा आणि दर वेळी एकाच कंपनीचं घेऊ नका. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांच्या बाबतीत मात्र हात आखडताच ठेवा (प्रश्न १५).

१२. स्मरणशक्ती वाढते का? परीक्षेच्या काळात मुलांना द्यावं का?

कॉसमॉसच्याच (प्रश्न ४) दोन शाखांनी ज्येष्ठांमध्ये हे तपासलं. एकीत बुद्धीच्या चाचण्यांवर कोकोचा काहीही परिणाम दिसला नाही. दुसरीत, २०२३च्या निष्कर्षांनुसार, ज्यांच्या आहारात फ्लॅव्हनॉल मुळातच कमी होते त्यांची स्मरणशक्ती थोडी सुधारली. म्हणजे कमतरता भरून निघाली, इतकंच म्हणता येतं. यातून दहावी-बारावीच्या मुलांबद्दल काहीच ठरत नाही. खाऊन बरं वाटतं म्हणून एखादा तुकडा द्या. पण परीक्षेच्या आदल्या रात्री सर्वांत मोठी मदत झोपेची होते.

१३. रात्री खाल्लं तर झोप उडते का? ॲसिडिटी, मायग्रेन?

२० ग्रॅममध्ये सुमारे १६ मिलिग्रॅम कॅफिन असतं, एक कप चहात याहून जास्त. पण सोबत दहापट थिओब्रोमिन हे कॅफिनच्याच जातीचं उत्तेजक द्रव्यही असतं आणि ते शरीरात बराच वेळ रेंगाळतं. झोप हलकी असेल तर दुपारी खा. छातीत जळजळ होत असेल तर झोपण्यापूर्वी नकोच. मायग्रेनच्या काही रुग्णांना त्रास होतो, सगळ्यांना नाही. महिनाभर वहीत नोंद ठेवा, म्हणजे कळेल.

१४. मला मुतखडा होऊन गेला आहे.

खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा होता का, ते रिपोर्टमध्ये पाहा. कोकोमध्ये ऑक्झलेट बऱ्यापैकी असतं. तसा खडा असेल तर डार्क चॉकलेट आणि कोको पावडर दोन्ही टाळलेली बरी. पालक टाळायला सांगितला असेल तर त्याच यादीत हेही लिहून ठेवा.

१५. गरोदरपणात आणि लहान मुलांना चालतं का?

गरोदरपणात कधीतरी एक-दोन तुकडे चालतात. चहा, कॉफी आणि चॉकलेट मिळून दिवसाचं कॅफिन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा. दोन वर्षांखालच्या मुलांना साखर घातलेलं काहीच देऊ नये, चॉकलेटही नाही. नात रडते म्हणून आजी-आजोबा हळूच देतात, हे मला माहीत आहे. तरीही नको.

१६. दुधाबरोबर किंवा केळ्याबरोबर घेतलं तर फायदा जातो का?

दुधाबद्दलचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे दुधातला कोको सोडायची गरज नाही. केळ्याची गोष्ट वेगळी. केळं कापल्यावर काळं पडतं ते ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे), ते फ्लॅव्हनॉलही मोडतं. २०२३च्या एका छोट्या प्रयोगात केळ्याच्या स्मूदीबरोबर फ्लॅव्हनॉल घेतल्यावर रक्तातलं त्यांचं प्रमाण ८४ टक्क्यांनी घटलं. केळं-कोको शेक चवीला छान लागतो, जरूर प्या. फक्त तो फ्लॅव्हनॉलसाठी पिऊ नका.

१७. चॉकलेटऐवजी कोको पावडर वापरली तर?

मला विचाराल तर हाच जास्त शहाणपणाचा मार्ग. पावडरमधून बरंचसं बटर काढलेलं असतं, साखर नसते आणि खर्चही कमी. फक्त 'ड्रिंकिंग चॉकलेट' उचलू नका, त्यात साखरच जास्त असते. अल्कलीची प्रक्रिया न केलेली, फिकट तपकिरी पावडर घ्या (प्रश्न ७). आमच्याकडे थंडीत नाचणीच्या सत्त्वात एक छोटा चमचा कोको आणि किसलेला गूळ घालतात. थोडं कडू, थोडं खरपूस लागतं.

१८. उपवासाला चालतं का? शाकाहारी असतं का?

कोको ही झाडाच्या फळातली बी आहे, पण बहुतेक वड्यांमध्ये सोयाबीनचं लेसिथिन असतं. उपवासाचे नियम घरागणिक वेगळे, तेव्हा आपल्या घरच्या रीतीप्रमाणे ठरवा. शाकाहारासाठी हिरवा ठिपका पाहा.

दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र फार सावध राहावं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ९४ डार्क चॉकलेट तपासली तेव्हा ६१ टक्क्यांमध्ये दूध सापडलं, आणि त्यातल्या बहुतेकांच्या घटकांत दुधाचं नावही नव्हतं. एकाच यंत्रावर आधी मिल्क चॉकलेट बनलेलं असतं. ॲलर्जी तीव्र असेल तर ठळकपणे 'दूधविरहित' लिहिलेलंच घ्या.

१९. चॉकलेटवर पांढरा थर आला. बुरशी आहे का?

बहुधा नाही. उन्हाळ्यात वडी मऊ होऊन पुन्हा घट्ट झाली की आतलं कोको बटर वर येऊन पांढुरकं दिसतं. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात हे हमखास होतं. खाल्लं तर चालतं, फक्त तुकडा कडकन मोडत नाही. थर केसाळ असेल किंवा कुबट वास येत असेल तर फेकून द्या. १५ ते १८ अंश तापमान उत्तम. आपल्याकडे नाइलाजाने फ्रिजमध्ये ठेवायचं तर हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर शेजारच्या कांद्या-लसणाचा वास लागतो. खाण्यापूर्वी डबा न उघडता अर्धा तास बाहेर ठेवा.

२०. आमच्या कुत्र्याने अर्धी वडी खाल्ली. काय करू?

लगेच पशुवैद्यांना फोन करा. लक्षणं दिसायची वाट पाहू नका. थिओब्रोमिन आपण सहज पचवतो, पण कुत्र्याच्या शरीरातून ते फार सावकाश बाहेर पडतं. १० किलोच्या कुत्र्याला २५ ग्रॅम डार्क चॉकलेटनेही त्रास सुरू होऊ शकतो : उलट्या, अस्वस्थपणा, जोरात धडधड. याहून बरंच जास्त गेलं तर झटके येऊ शकतात. कुत्र्याचं वजन, चॉकलेटचे टक्के, किती खाल्लं आणि केव्हा, एवढं फोनवर सांगा. वेष्टन सोबत घेऊन जा.